मेटॅबॉलिझम कशावर ठरतो आणि तो खरोखर वाढवता येतो का?

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्या येऊ लागल्यापासून ‘मेटॅबॉलिझम’ हा शब्द पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘माझा मेटॅबॉलिझमच मंद आहे, नुसते पाणी प्यायले तरी वजन वाढते,’ असे कुणी सांगते. कुणी एखाद्या मित्राकडे बोट दाखवते: तो हवे ते खातो आणि तरी बारीकच. या दोन तक्रारींच्या आधाराने गोळ्या, पावडरी आणि ‘मेटॅबॉलिझम बूस्टर’ विकणाऱ्यांचा मोठा धंदा चालतो. त्यात पैसे जातात ते जातातच. त्याहून वाईट म्हणजे जे शरीराच्या नियमांमुळे घडत नाही, त्याचा दोष माणसे स्वतःच्या इच्छाशक्तीला देत बसतात. हा विषय नीट कळला, तर निदान हा मनस्ताप तरी टळेल.

### चयापचय म्हणजे नेमके काय

मेटॅबॉलिझम म्हणजे चयापचय. आपल्या पेशींमध्ये क्षणोक्षणी हजारो रासायनिक क्रिया चालू असतात. काही क्रियांत अन्नातले घटक फोडून ऊर्जा मोकळी केली जाते, तर काहींत ती ऊर्जा वापरून नवी प्रथिने, नव्या पेशी, संप्रेरके (हार्मोन्स) तयार होतात. या सगळ्या क्रिया मिळून चयापचय होतो. अन्नपचन ही त्याची फक्त पूर्वतयारी आहे. त्यामुळे ‘माझे पचन चांगले आहे, म्हणजे मेटॅबॉलिझम चांगला’ हा हिशेब चुकीचा आहे.

रोजच्या बोलण्यात मात्र आपल्याला यातली एकच गोष्ट अभिप्रेत असते: शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करते. ती कॅलरीत मोजतात. (आहाराच्या भाषेतली कॅलरी म्हणजे शास्त्रातली किलोकॅलरी, इथे सगळीकडे तोच अर्थ घ्यावा.) या खर्चाचे तीन भाग आहेत. पहिला भाग नुसते जिवंत राहण्याचा: स्वस्थ पडून असतानाही हृदय, मेंदू, मूत्रपिंडे काम करत असतात. बहुतेकांच्या एकूण खर्चाचा ६० ते ७० टक्के हिस्सा इथेच जातो. याला विश्रांतीचा खर्च म्हणू. दुसरा भाग खाल्लेले पचवून शरीरात साठवण्याचा, साधारण १० टक्के. उरलेला भाग हालचालीचा. माणसामाणसात सर्वांत मोठा फरक पडतो तो या तिसऱ्या भागात.

### हे मोजतात तरी कसे

अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्वाझिए याने गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले आणि किती बर्फ वितळतो ते पाहिले. श्वासातून बाहेर पडणारा वायू आणि अंगातून निघणारी उष्णता यांचे नाते त्याला सापडले. श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हा त्याचा निष्कर्ष आजही चयापचयाच्या अभ्यासाचा पाया आहे. आपण किती प्राणवायू घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे मोजले, की किती ऊर्जा खर्च झाली ते काढता येते. विश्रांतीचा खर्च आजही असाच मोजतात.

पण प्रयोगशाळेत पडून असलेला माणूस आणि घरात, कामावर वावरणारा माणूस यांत फरक पडतो. त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. माणसाला थोडे खास पाणी पाजतात. त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू नेहमीपेक्षा जड असतात, पण किरणोत्सारी नसतात. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या रूपात बाहेर पडतो; ऑक्सिजन मात्र पाण्यातूनही जातो आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही. पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासून दोन्हींच्या घटण्यातला फरक काढला, की त्या काळात किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळते. माणूस नेहमीचे आयुष्य जगत असतानाच त्याचा रोजचा खर्च मोजला जातो. पुढे येणारे बरेच निष्कर्ष या पद्धतीने मिळाले आहेत. कुणी काय खाल्ल्याचे सांगितले यावर ते अवलंबून नाहीत, म्हणूनच ते मोलाचे आहेत.

### वेग ठरवते कोण

सर्वांत मोठा घटक म्हणजे शरीराचा आकार. जितक्या पेशी जास्त, तितका खर्च जास्त. १९९० मध्ये मांडलेले एक सूत्र आहारतज्ज्ञ आजही वापरतात: किलोमधल्या वजनाला १० ने गुणायचे, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवायचे, वयाची पाचपट वजा करायची. मग पुरुषासाठी ५ मिळवायचे, स्त्रीसाठी १६१ वजा करायचे. ७० किलो वजनाच्या, १७० सेंटिमीटर उंचीच्या, ४० वर्षांच्या पुरुषाचा विश्रांतीचा खर्च यानुसार दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी येतो. ६० किलो, १५५ सेंटिमीटर, त्याच वयाच्या स्त्रीचा सुमारे १,२१०. यात ‘वेगवान’ किंवा ‘मंद’ अशी कोणतीही रहस्यमय संख्या घातलेली नाही, तरी बहुतेकांच्या बाबतीत हा अंदाज प्रत्यक्ष मोजणीच्या १० टक्के आतबाहेर येतो.

स्त्री-पुरुषांतला फरकही बराचसा शरीराच्या घडणीतून येतो. सारख्या वजनाच्या पुरुषात सहसा चरबी कमी आणि इतर ऊती जास्त असतात. चरबीची पेशी फार कमी खर्चात जगते.

आता शरीराच्या आत डोकावू. मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडे यांचे एकत्रित वजन शरीराच्या ५-६ टक्के भरते, पण विश्रांतीच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा या अवयवांचा असतो. मूत्रपिंडे आणि हृदय किलोमागे दिवसाला सुमारे ४४० कॅलरी खर्च करतात, मेंदू २४०, यकृत २००. विश्रांतीत असलेला स्नायू किलोमागे १३ कॅलरी आणि चरबी जेमतेम ४ ते ५. म्हणजे सुमारे १.४ किलोचा मेंदू आणि २८ किलोचे स्नायू यांचा विश्रांतीतला खर्च जवळजवळ सारखा.

ही ऊर्जा जाते कुठे? मेंदूतली मज्जापेशी आपल्या पडद्यातून सोडियमचे कण सतत बाहेर काढत असते. तो पंप थांबला तर एकही संदेश पुढे जाणार नाही. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात ओढून घेतात. यकृत साखर बनवते, प्रथिने बनवते, विषारी घटक निकामी करते. या कामांचा वेग आपल्या मर्जीवर नाही, आणि तो नसावाच. ‘मेटॅबॉलिझम वाढवा’ असे सांगणारी जाहिरात यातले कोणते काम वाढवणार आहे, असा प्रश्न मनात ठेवला तरी बरीच फसवणूक टळते.

संप्रेरकांमध्ये सर्वांत महत्त्वाची आहेत थायरॉइड ग्रंथीची. ती कमी पडली की चयापचय खरोखर मंदावतो: थंडी वाजते, थकवा येतो, त्वचा कोरडी पडते, बद्धकोष्ठ होतो. रक्ततपासणीत हे कळते आणि गोळीने नीट होते. पण त्यामुळे वाढणारे वजन सहसा २ ते ५ किलोच्या आसपास असते, आणि त्यातही मोठा वाटा शरीरात साठलेल्या क्षार-पाण्याचा. लक्षणे असतील तर तपासणी जरूर करावी. मात्र थायरॉइड सामान्य असताना केवळ वजन उतरावे म्हणून त्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे; हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडे झिजतात.

### जाड माणसाचा चयापचय मंद असतो का

नाही. उलट असते. मोठे शरीर पडून असतानाही जास्त ऊर्जा खर्च करते.

इथे पुष्कळांचा आक्षेप येतो: ‘मी खरोखर कमी खातो, तरी वजन उतरत नाही.’ १९९२ मध्ये अमेरिकेत असेच सांगणाऱ्या काही जणांचा अभ्यास झाला. त्यांचा चयापचय अपेक्षेइतकाच निघाला. मात्र प्रत्यक्ष खाणे त्यांनी नोंदवलेल्यापेक्षा बरेच जास्त होते. सरासरी ४७ टक्के खाणे नोंदीतून सुटले होते. ही माणसे खोटे बोलत होती, असा याचा अर्थ काढू नये. खाण्याचा अंदाज बांधणे मुळातच अवघड आहे; खुद्द आहारतज्ज्ञांच्या नोंदीही अशा तपासण्यांत कमी भरल्या आहेत. ‘तू खोटे बोलतोस’ आणि ‘तुझे शरीर बिघडले आहे’ ही दोन्ही निदाने चुकीची आहेत. दुर्दैवाने जाड माणसाला आयुष्यभर यांपैकी एक तरी ऐकावे लागते.

### वय वाढले की वेग कमी होतो ना

होतो, पण आपण समजतो त्यापेक्षा खूप उशिरा. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या, म्हणजे ८ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंतच्या, खास पाण्याच्या मोजण्या त्यात एकत्र केल्या होत्या. शरीराचा आकार आणि घडण यांचा फरक वजा केल्यावर दिसले ते असे: एक वर्षाच्या बाळाचा चयापचय प्रौढांपेक्षा सुमारे ५० टक्के वेगवान असतो, मग विशीपर्यंत तो हळूहळू उतरतो आणि २० ते ६० या वयात जवळजवळ स्थिर राहतो. साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्के घटतो. रजोनिवृत्तीच्या काळातही अचानक घसरण दिसली नाही.

मग चाळिशीत पोट का सुटते? त्या वयात बसून राहण्याचे तास वाढतात, झोप घटते, खेळणे सुटते, स्नायू न वापरल्याने कमी होतात. रोजचे थोडेसे जास्तीचे खाणे वर्षानुवर्षे साठत जाते. ‘वयामुळे वेग पडला’ म्हणून हात टेकण्याचे कारण साठीच्या आधी तरी नाही.

### वाढवता येतो का?

थोडासा येतो. जाहिरातीत सांगतात तितका मुळीच नाही.

स्नायू वाढवा, म्हणजे बसल्या जागी चरबी जळेल, हा सल्ला फार ऐकू येतो. काही महिने मेहनत करून २ किलो स्नायू कमावले, तर विश्रांतीचा खर्च दिवसाला सुमारे २६ कॅलरींनी वाढतो. वर आलेल्या पुरुषाच्या १,५७० कॅलरींपुढे हे २ टक्केही नाही. स्नायू कमवावेतच, म्हातारपणी तोल सांभाळायला, रक्तातली साखर आटोक्यात ठेवायला ते फार उपयोगी पडतात. फक्त ‘बूस्टर’ म्हणून त्यांच्याकडे पाहिले तर निराशा होते.

खाण्याचे काही प्रकार पचवायला जास्त ऊर्जा लागते. प्रथिनांतून मिळणाऱ्या १०० कॅलरींपैकी २० ते ३० त्यांच्यावर प्रक्रिया करण्यातच जातात. कर्बोदकांच्या बाबतीत ५ ते १०, स्निग्धांच्या बाबतीत ३ पर्यंत. प्रथिनांनी पोटही जास्त वेळ भरलेले वाटते. फायदा खरा आहे, पण माफक. दिवसातून सहा वेळा थोडेथोडे खाल्ले की चयापचय पेटता राहतो, ही समजूत मात्र मोजणीत टिकलेली नाही. पचनाचा खर्च एकूण किती आणि काय खाल्ले यावर ठरतो. त्याचे किती हप्ते केले यावर नाही.

कॉफीतले १०० मिलिग्रॅम कॅफीन पुढच्या अडीच तासांत विश्रांतीचा खर्च ३-४ टक्क्यांनी वाढवते. आकड्यांत मांडले तर पाच-सहा कॅलरी. मिरचीचा आणि ग्रीन टीचा परिणामही याच पंक्तीत बसतो.

थंडीत कुडकुडताना खर्च कित्येक पटींनी वाढतो, पण तसे कुणी फार वेळ राहू शकत नाही आणि राहू नये. प्रौढ माणसांतही तपकिरी चरबी नावाची, ऊर्जा जाळून उष्णता देणारी ऊती असते हे २००९ मध्ये ठामपणे सिद्ध झाले. त्यावर उत्साहाने संशोधन चालू आहे; वजन उतरवणारा भरवशाचा उपाय त्यातून अजून निघालेला नाही.

### औषधाने वेग का वाढवू नये?

कारण ते करून झाले आहे. डायनायट्रोफेनॉल नावाचे एक रसायन आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते वापरत. तिथल्या कामगारांना घाम फुटायचा, वजन उतरायचे, आणि काही जण मरायचे. १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ते वजन घटवण्यासाठी वापरून पाहिले आणि थोड्याच काळात हजारो लोक ते घेऊ लागले.

ते चालते असे. आपल्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म कण असतात. अन्नातून मिळालेली ऊर्जा ते पेशीला वापरता येईल अशा रूपात बांधतात. हे रसायन त्या बांधणीत गळती निर्माण करते. ऊर्जा बांधली जात नाही, नुसती उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे चयापचय खराखुरा वाढतो. पण ही उष्णता थांबवण्याचे बटण शरीराकडे नाही. ताप चढत जातो आणि माणूस आतून भाजून निघतो. शिवाय कित्येकांना मोतीबिंदू झाला. १९३८ मध्ये अमेरिकेने ते माणसाने खाण्यास अयोग्य ठरवले. यावर उतारा देणारे औषध आजही नाही, तरी ते इंटरनेटवरून चोरून विकले जाते आणि तरुण मुले त्याने जीव गमावतात. कुणी ‘फॅट बर्नर’ म्हणून नाव-गाव नसलेली पिवळी पूड किंवा कॅप्सूल देऊ केली, तर ती कृपा करून घेऊ नका.

### मग व्यायामाने तरी खर्च वाढतो का

वाढतो, पण आपण मांडतो तसा सरळ बेरजेने नाही. टांझानियातले हादझा लोक शिकार करून आणि कंदमुळे, मध गोळा करून जगतात. रोज कित्येक किलोमीटर चालतात. २०१२ मध्ये मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा रोजचा एकूण खर्च मोजला. शरीराचा आकार जमेस धरल्यावर तो शहरी, बैठे काम करणाऱ्या लोकांइतकाच निघाला.

याचा अर्थ लावताना घरखर्चाचे उदाहरण उपयोगी पडते. एका महिन्यात प्रवासावर जास्त पैसे गेले, तर आपण इतरत्र हात आखडतो. महिन्याचा एकूण आकडा फारसा हलत नाही. शरीरही हालचालीवर जास्त खर्च झाला की दुसरीकडे काटकसर करत असावे, असे पाँट्झर मांडतात. ही काटकसर पूर्ण नसते आणि ती किती असते याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. १,७५४ प्रौढांच्या मोजण्यांवर आधारलेल्या २०२१ च्या एका अभ्यासात, हालचालीत वाढलेल्या दर १०० कॅलरींमागे सुमारे २८ कॅलरी विश्रांतीच्या खर्चातून कापल्या गेल्याचे दिसले.

‘मग व्यायाम कशाला करायचा?’ हृदयासाठी, रक्तदाबासाठी, झोपेसाठी, मनासाठी, आणि उतरलेले वजन पुन्हा चढू नये यासाठी. हे फायदे वजनकाट्यावर दिसत नाहीत म्हणून पुष्कळ जण महिन्याभरात व्यायाम सोडतात. त्याचे मला फार वाईट वाटते.

### कमी खाल्ले की वेग मंदावतो, हे खरे का

खरे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले, विश्रांतीचा खर्च मात्र सुमारे ४० टक्क्यांनी. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, मन सतत अन्नात गुंतले. शरीर लहान झाले म्हणून खर्च उतरला, आणि त्यापलीकडे शरीराने स्वतःहून आणखी काटकसर केली.

अलीकडचे उदाहरण वजन घटवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचे. स्पर्धेनंतर सहा वर्षांनीही त्यांचा विश्रांतीचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी भरला. त्या स्पर्धेत वजन अतिशय झपाट्याने उतरवले होते. बेताने वजन कमी करणाऱ्यांत ही घट बरीच लहान असते. पण दिशा तीच.

त्याहून जोरात चालते ती भूक. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांच्या हिशेबानुसार उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, तर भूक सुमारे १०० कॅलरींनी वाढते. डाएट ‘मोडते’ तेव्हा बहुतेकदा हे घडलेले असते, आणि त्याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्याय आहे.

### तरी काही जण बारीकच कसे राहतात

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचे संशोधक जेम्स लिव्हाइन यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाची चरबी ०.३६ किलो वाढली, कुणाची ४.२३ किलो. ज्यांची कमी वाढली त्यांनी मुद्दाम व्यायाम केला नव्हता. नकळत त्यांची चुळबुळ वाढली होती. उठणे, फेऱ्या मारणे, उभे राहणे, पाय हलवणे. एकाच्या बाबतीत ही वाढ दिवसाला जवळजवळ ७०० कॅलरींची होती.

ही प्रवृत्ती बरीचशी जन्मजात असावी. कॅनडात एकसारख्या जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना असेच जास्त खाऊ घातले, तेव्हा कुणाचे वजन ४ किलोंनी वाढले, कुणाचे १३ किलोंनी. पण एकाच जोडीतल्या दोन भावांची वाढ पुष्कळच मिळतीजुळती निघाली. शिवाय बारीक मित्र सगळ्यांसमोर भरपूर जेवताना दिसतो. पुढच्या जेवणाला भूकच नसल्याने तो दोन घास खाऊन उठतो, ते आपण पाहत नाही.

### बातम्यांतली इंजेक्शने काय करतात

सेमाग्लूटाइडसारखी औषधे चयापचयाचा वेग वाढवत नाहीत. जेवल्यावर आतड्यातून पाझरणाऱ्या एका संप्रेरकाची ती नक्कल करतात, त्यामुळे मेंदूला लवकर तृप्ती जाणवते आणि खाणे कमी होते. वजन उतरले की विश्रांतीचा खर्च इथेही घटतो, आणि उतरलेल्या वजनात काही वाटा स्नायूंचा असतो. म्हणून सोबत पुरेशी प्रथिने आणि वजने उचलण्याचा व्यायाम सांगितला जातो. औषध थांबवले की भूक परतते. एका मोठ्या चाचणीत सहभागी झालेल्यांचे उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन औषध बंद केल्यावर वर्षभरात परत आले. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी दोन गोष्टी बोलून घ्याव्यात: ते किती काळ घ्यावे लागेल, आणि कधी थांबवायची वेळ आली तर परतणाऱ्या भुकेसाठी काय योजना आहे.